तेलाचे हात

माझं डोकं लवकर फिरतं. बायको म्हणते, तुमच्या कपाळावर एक गेज बसवायला पाहिजे होतं, म्हणजे माणसं वेळीच बाजूला झाली असती. गेज म्हणजे दाब दाखवणारा तो गोल डबा, काच, काटा आणि आकडे असलेला. चंद्रपुरात बावीस वर्षं मी तेच खोलतो, पुसतो, जोडतो. बॉयलरची, कंप्रेसरची, जो आणून देईल त्याची. कामात मी वाईट नाही. स्वभावात आहे, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

ऑगस्टात मला आलापल्लीच्या पुढच्या एका सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथल्या ऑक्सिजनच्या खोलीतलं गेज अडकलं होतं. सिलिंडर भरलेले असोत की रिकामे, काटा आपला नव्वदवर. जाताना आष्टीपासून पाऊस होता. सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक रस्त्याच्या कडेला रांगेत थांबले होते, त्यांच्यामधून मोटारसायकल काढत कसाबसा संध्याकाळी पोचलो. मी आलो आणि मागे नदी पुलावर चढली. सकाळी डॉक्टर सिझेरियनच्या एका बाईला घेऊन गडचिरोलीला गेले होते, तेही पलीकडेच अडकले.

दवाखान्यात उरलेल्या माणसांत कामाचे दोघं. खुशबू सिस्टर, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, दोन दिवस झोपलेली नव्हती. आणि सोमाजी, साठीला टेकलेला अटेंडंट, जवळच्याच गावचा धानाचा शेतकरी. आत चार दिवसांची एक पोरगी होती. आठव्या महिन्यातच आलेली, वजन तेराशे ग्रॅम, नाकात ऑक्सिजनची नळी. तिची आई दिव्या तापाने फणफणली होती. म्हणून पोरीला उराशी धरून ऊब द्यायचं काम आजी करत होती. आजीचं नाव बुधरी. आतल्या माडिया गावातली, मराठी बेताचीच. लुगड्याच्या आत, कातडीला कातडी लावून ती त्या एवढ्याशा जिवाला घेऊन तासन् तास बसायची. सिस्टर म्हणाली, "वीज नाई, वार्मर बंद आहे. हवेतून ऑक्सिजन काढाचा कॉन्सन्ट्रेटर जनरेटरवर टिकून नाई राह्यला. ही आजी अना ते सिलिंडर, एवढंच आहे आमच्यापाशी."

संध्याकाळी मी नुसतं बघून घेतलं. भिंतीला लागून आठ मोठे सिलिंडर, चार डावीकडे, चार उजवीकडे, मध्ये सगळ्यांना जोडणारा पितळी पाइप आणि त्यावर ते गेज. त्याचा नट पाइपाच्या तोंडाशी असा धरला होता की पान्याला दाद देईना. मी सोमाजीला म्हणालो, "जाम आहे ना भाऊ हे. उद्या सकाळी पाहू." एवढंच म्हणालो. माझ्या तोंडून निघालेलं हे वाक्य मला नंतर फार महागात पडलं.

सकाळी दहाला काम काढलं. ऑक्सिजनची लाइन खोलायची म्हणजे आधी पोरीला दुसरीकडून ऑक्सिजन द्यायला हवा. ॲम्ब्युलन्सचा एक छोटा सिलिंडर होता. त्याचं तोंड वेगळं, मोठ्या सिलिंडरला त्याचं रेग्युलेटर बसत नाही. मोठ्याला थेट लावायचं एकुलतं एक रेग्युलेटर डॉक्टरांबरोबर पलीकडे गेलेलं.

"किती वेळ पुरते हा छोटा?" मी सिस्टरला विचारलं.

"पाऊण तास. लय झालं तर पन्नास मिनिटं. तुमाले किती लागते?"

"पंधरा मिनिटं. जुनं काढाचं, नवं लावाचं, झालं."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पिशवीत नवं गेज होतं, चंद्रपुरातून तपासून आणलेलं, फडक्यात गुंडाळलेलं. ते दाखवलं तेव्हा तिने होकाराची मान डोलावली. दहा वाजून पाच मिनिटांनी पोरगी छोट्या सिलिंडरवर गेली.

मी आठही सिलिंडरच्या चाव्या बंद केल्या. मग पाइपात उरलेला दाब सोडायची छोटी चावी उघडली. फुस्स झालं, हळूहळू थांबलं. तरी मी आणखी दोन मिनिटं थांबलो. काटा नव्वदवरच होता, पण अडकलेल्या काट्यावर विसंबून पाना लावणारे दोघं जण मी पाहिलेत. एकाला डोळा नाही. आवाज पूर्ण बंद झाला, चावीच्या तोंडाशी धरलेला कागद हलेना, तेव्हाच पाने हातात घेतले. एका पान्याने पाइपाचं तोंड घट्ट धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. डबा धरून कधीच फिरवायचा नाही, आतली नळी पिळते.

आणि नट लोण्यासारखा फिरला.

काल जाम होता तो. मी वास घेतला. उग्र, कडवट, ओळखीचा वास. टोळीचं तेल! मोहाच्या बियांचं, इकडे घरोघरी असतं. भाजीत, केसांत, थंडीत फुटलेल्या टाचांवर, बैलगाडीच्या आसावर, दाराच्या बिजागरीवर, सगळ्याला तेच.

"हे कोणं केलं?"

सोमाजी दारात उभा होता, तोंडावर हसू. "मीच केलो जी. तुमी काल म्हणले ना, जाम आहे म्हणून. रात्री दोन थेंब सोडलो. निंगाला का नाई बराबर?"

मदत केली होती बिचाऱ्याने. इथला कुठलाही माणूस तेच करेल. घट्ट काही दिसलं की टोळीचं तेल. पण ऑक्सिजनच्या लाइनीत तेल म्हणजे काय, हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. दीडशेच्या दाबाने ऑक्सिजन त्या पाइपात घुसला आणि वाटेत तेल भेटलं, तर काडी लावायची गरज पडत नाही. आपसूक पेटतं, आणि पितळही जळतं. भिंतीच्या पलीकडे ती पोरगी होती.

हे सगळं शांतपणे सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. हातातलं जुनं गेज मी त्याच्या पायापाशी फरशीवर आपटलं. काच फुटून सगळीकडे उडाली.

"अक्कल आहे का बे तुले? बाँब बनवून ठेवला ना इथी! कोणं देलं हे तेल?"

सोमाजीच्या तोंडचं हसू तसंच राहून गेलं, त्याला ते कुठे ठेवावं कळेना. त्याने व्हरांड्याकडे बोट केलं. तिथे बुधरी बसली होती. सिस्टरने पोरीला तपासायला आत घेतलं होतं, म्हणून तिचे हात रिकामे होते. शेजारी एक बाटली. नातीच्या मालिशीसाठी तिने गावातून आणलेली.

मी तिच्यावरही ओरडलो. साठ-पासष्टची बाई, माझ्या आईच्या वयाची. "हे तेल घेऊन पोरीपाशी गेली तर पोरगी जळून जाईन! समजलं का? जळून जाईन!"

तिला मराठी बेताचं येत होतं, पण तेवढं कळलं. तिने बाटलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. दोन्ही हात अंगापासून दूर धरले आणि उठून नळाकडे गेली.

मला तेव्हा तिच्याकडे बघायला वेळ नव्हता. वॉर्डातून स्पिरिट मागवलं. पाइपाचं तोंड, आटे, नट, सगळं धुतलं, पांढऱ्या कापडाने पुसलं, पुन्हा धुतलं. कापडावर पिवळा डाग येईनासा झाला तेव्हा वाळू दिलं. सोमाजी हातात हातमोजे चढवून कापड देत होता. यात अर्धा तास गेला. दहा बेचाळीस. सिस्टर दारात येऊन म्हणाली, "भाऊ, छोट्याचा काटा लालीत आला."

"झालंच," मी म्हणालो आणि पिशवीतलं नवं गेज काढलं.

गेज लावण्याआधी ते उलटं करून तळहातावर दोनदा ठोकायची मला सवय आहे. आत धूळ-कण काही असेल तर पडतो. ठोकलं. तळहातावर एक थेंब पडला. मधाच्या रंगाचा, गुळगुळीत.

मी बोटाने चोळून पाहिलं. तेल.

आमच्या दुकानात गेज तपासायचं यंत्र तेलावर चालतं. वजनं ठेवायची, तेल दाबायचं, काटा बरोबर येतो का बघायचं. ऑक्सिजनची गेजं त्यावर कधीच लावायची नसतात, त्यांच्यासाठी वेगळं, कोरडं यंत्र आहे. पण ऑक्सिजनचं काम वर्षातून एखादं. बावीस वर्षांचे हात सवयीने तेलाच्या यंत्राकडे गेले आणि डोक्याला पत्ताही लागला नाही. तेल आता गेजच्या आतल्या नळीत होतं. ती वाकडी, चपटी, शेवटाला बंद नळी. तिच्यातलं तेल स्पिरिट ओतून अर्ध्या तासात निघत नाही.

कोणी पाहिलं नव्हतं. सोमाजीची पाठ होती. मनात आलं, लाव. शंभरात नव्वद वेळा काही होत नाही. चावी हळू उघड. आत पोरगी आहे, पाच-दहा मिनिटं उरलीत. आणि आताच ज्याला बे-बे करून झोडपलं, त्याच्यासमोर काय तोंड दाखवणार?

खरं सांगतो, मी ते गेज पाइपाच्या तोंडाशी नेलं होतं. मग तसंच परत मागे घेतलं.

"सोमाजीभाऊ," मी म्हणालो. "हे नाई लागत. याच्यात तेल आहे. माहंच. मीच लावलो."

तो वळला. माझ्या तळहाताकडे पाहिलं. माझ्या जागी तो असता आणि त्याच्या जागी मी, तर मी काय काय बोललो असतो! त्याने फक्त विचारलं, "मंग आता?"

मग आता ते जुनंच. जे मी आपटलं होतं. पाइपाचं तोंड बंद करायला दुसरं काही नव्हतं. न आपटता नुसतं पुसून परत लावलं असतं तर काटा अडकलेला का होईना, ऑक्सिजन चालू झाला असता. पण आता त्याच्या नळीला चीर गेली असेल तर पहिल्याच दाबाला ती फुटणार होती. खोलून पाहिल्याशिवाय लावता येत नव्हतं.

सोमाजीने ते कोपऱ्यातून उचलून आणलं. मी हात स्पिरिटने धुतले, पांढरं कापड पसरलं आणि बसलो. कडं चेपलं होतं, ते स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढलं. राहिलेली काच झाडली. काटा ओढायच्या चिमट्याने काटा सरळ वर काढला, तो वाकडा ओढला की दांडी वाकते. तबकडीचे दोन स्क्रू सोडले, तबकडी उचलली. आणि आत माती!

कुंभारीण माशीने घर केलं होतं. डब्याच्या मागे हवा जायला बारीक भोक असतं, तिथून शिरून तिने सगळे दात, दांड्या मातीने लिंपून टाकल्या होत्या. काटा नव्वदवर का अडकला ते कळलं. पण नळी मातीखाली होती, आणि मला नळीच पाहायची होती.

"सुई दे. इंजेक्शनची. अना टॉर्च धर, हालवू नोको."

त्याने टॉर्च धरला. मी सुईने माती खरवडू लागलो. आत केसाहून बारीक गुंडाळी केलेली स्प्रिंग असते. तिला सुई लागली की संपलं. मातीतून वाळलेले कोळी निघत होते, माशीने पिलांसाठी भरून ठेवलेले. घाम कपाळावरून टपकत होता आणि तो आत पडू नये म्हणून मी मान वाकडी करून बसलो होतो. सोमाजीने दुसऱ्या हाताने माझं कपाळ टिपलं.

पलीकडचा छोट्या सिलिंडरचा शिट्टीसारखा आवाज मला इतका वेळ ऐकू येत होता. तो थांबला.

"संपला!" सिस्टर ओरडली. मग रबरी फुग्याचा आवाज सुरू झाला. ती हाताने पोरीला श्वास देत होती. फस्स. फस्स. साध्या हवेचा.

मी घाई केली नाही. कशी केली नाही ते मला माहीत नाही. पळून जावंसं वाटत होतं, तिथून, दवाखान्यातून, त्या गावातूनच. हात मात्र आपलं काम करत होते. माती निघाली. नळी दिसली. जिथे ती बुडाला डाकलेली असते, तिथे एक रेघ होती. चीर की ओरखडा? टॉर्च जवळ घेतला. नख फिरवलं. अडकलं नाही. पुन्हा फिरवलं. अडकलं नाही.

"काय आहे?" सोमाजीने विचारलं.

"ओरखडा. बहुतेक."

"बहुतेक?"

"बहुतेक."

आटे स्पिरिटने धुतले, वाळवले, ऑक्सिजनला चालणारी टेप गुंडाळली, गेज बसवलं. तबकडी परत लावली, काच तर फुटलीच होती. उघडाच काटा दाबून बसवला. मग सोमाजीला म्हणालो, "तू बाहीर जा."

"काऊन?"

"फुटलं तर तोंडावर येईन."

"तुमच्यापाशी कोण राह्यन मंग? चावी उघडाची का नाई?" तो हलला नाही. उलट माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, गेजच्या समोर नाही, कडेला, मी उभा होतो तसाच. एवढं त्याने बघून शिकून घेतलं होतं.

मी तोंड फिरवलं आणि पहिल्या सिलिंडरची चावी केसभर उघडली. बारीक सूं आवाज आला. काटा हलला. दहा. तीस. मी थांबलो. नळीत काही कुरकुरलं नाही. साठ. शंभर. एकशेतीसवर येऊन तो उभा राहिला. सोमाजीने साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. पुन्हा लावलं. नाही. मी वॉर्डाकडची चावी उघडली आणि ओरडलो, "सिस्टर, लावा!"

अकरा वाजून सात मिनिटं. बारा मिनिटं ती पोरगी फुग्यावर होती.

मी फरशीवर काचांतच बसलो. आतून कसलाच आवाज येईना. सोमाजी दाराकडे बघत होता, मी जमिनीकडे. खूप वेळाने, म्हणजे मिनिटभरच असेल, आतून मांजराच्या पिलासारखं काहीतरी रडलं. सोमाजी झाडू घेऊन काचा गोळा करू लागला.

मी त्याचे पाय धरायला गेलो. त्याने पाय ओढून घेतले आणि म्हणाला, "उठा, काचा टोचतीन."

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

चारच्या सुमारास सिस्टर माझ्याकडे आली. तिचे डोळे लाल होते. "भाऊ, पोरीचं अंग थंडं पडून राह्यलं. दिव्याले ताप आहे, तिच्यापाशी देता येत नाई. आजी हात लावाले तयार नाई."

"काऊन?"

"तुमालेच इचारा."

बुधरी नळापाशी बसली होती. सकाळपासून. पुढे कपड्याच्या साबणाची वडी, अर्धी झिजलेली. ती हात धूत होती, वाळूने घासत होती, परत धूत होती. बोटांची सालं निघाली होती. तेलाची बाटली तिने दूर, कुंपणापलीकडे नेऊन ठेवली होती. मला पाहताच तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले, मी मारीन की काय अशी.

मी बोलायला लागलो. तुझी चूक नाही, हात धुतले की झालं, पोरीला काही होत नाही. सिस्टरने माडियात सांगितलं. बुधरी नाही-नाही अशी मान हलवत राहिली. मग मोडक्या मराठीत एवढंच म्हणाली, "तू बोलला. पोरगी जळते."

बोललो होतो. ओरडून बोललो होतो, त्यामुळे तिला ते खरं वाटलं. आता हळू बोलतोय तर ते तिला खोटं वाटत होतं.

मी आत गेलो, फडक्यात गुंडाळलेलं ते नवं गेज घेऊन आलो आणि तिच्यासमोर चिखलात बसलो. गेज उलटं करून तळहातावर ठोकलं. एकदा, दोनदा. थेंब पडला. हात तिच्या नाकापाशी नेला.

"पाह्य. हे टोळीचं नोहोय. हे माहं आहे. चंद्रपूरचं. तुहं तेल मी पुसून टाकलो, हे पुसता नाई आलं. पोरगी जळली असती तं ह्या हातानं जळली असती. तुह्या नाई."

सिस्टर सांगत होती. बुधरीने माझ्या हाताचा वास घेतला. परत घेतला. टोळीचं तेल तिने आयुष्यभर काढलं होतं, तिला वासात कोण फसवणार? तिने मला शिवी दिली असती तर चाललं असतं.

तिने लुगड्याचा पदर घेतला आणि माझा तळहात पुसला. नीट, बोटांच्या बेचक्यांतूनही. मग साबणाची वडी माझ्या हातात दिली आणि मी हात धुवून होईपर्यंत नळ धरून उभी राहिली.

त्यानंतर तिने आपले दोन्ही हात, लाल, सोललेले, माझ्या तोंडापुढे धरले. मी वास घेतला. साबण आणि थोडं रक्त.

"नाई," मी म्हणालो. "काईच नाई आता."

ती लुगडं सावरत घाईघाईने आत गेली.